कंडक्टरचं ऑपरेशन

गॉजचे तुकडे तिने दुसऱ्यांदा मोजले तेव्हाही ते नऊच भरले. ट्रेमध्ये पाच-पाचच्या दोन ओळी लावायची तिची पद्धत होती. वरची ओळ पुरी होती, खालच्या ओळीतली शेवटची जागा रिकामी होती. रक्ताने जड झालेला एकेक तुकडा तिने चिमट्याने उचलून पाहिला, दोन एकमेकांना चिकटून बसलेत की काय म्हणून. चिकटले नव्हते. टेबलावर तपकिरी कुत्री उताणी पडली होती, चारही पाय चार कोपऱ्यांना बांधलेले, जीभ एका बाजूला बाहेर ओढून ठेवलेली. डॉक्टरने पोटाचा आतला थर शिवून पुरा केला, दोरा कापला आणि मान न वळवता विचारलं, "काकू, झाले ना मोजून? घेऊ कातडी शिवायला?" तिने चिमटा रिकाम्या जागेवर टेकवला. नोकरी संपून आठ महिने झाले होते. नोकरीतही मोजणी अशी फार वेळा कमी पडली नव्हती. "थांबा," ती म्हणाली. "एक कमी आहे."

खरं म्हणजे हे काम तिला दिलेलंच नव्हतं. सकाळी साडेसातला ती इथे आली तेव्हा हॉलच्या दाराशी पंचवीस-तीस माणसं आपापली जनावरं घेऊन उभी होती. कुणाचं मांजर भाजीच्या टोपलीत, कुणाचं उशीच्या अभ्र्यात घालून वर गाठ मारलेलं, एका म्हाताऱ्याने कुत्र्याला पट्टा नाही म्हणून स्वतःचा कमरेचा पट्टा बांधलेला आणि एका हाताने पँट सावरून धरलेली. एरवी ह्या हॉलमध्ये लोक टेबल टेनिस खेळत, मागच्या खोलीत नाचाचे वर्ग चालत. आज त्या खोलीतल्या भिंतभर आरशावर चादरी टाकून तिथे ऑपरेशनचं टेबल मांडलं होतं. पाळीव जनावरांची कमी खर्चात नसबंदी, स्वयंसेवक हवेत, अशी चिठ्ठी तिने किराणा दुकानात वाचली होती. नवऱ्याला सांगितलं तर तो शब्दकोड्यातून डोकं वर न काढता म्हणाला, "माणसांची करून झाली वाटतं?" ती म्हणाली, "माणसं कुरकुरतात, ही चावतात. तेवढाच फरक." पण इथे आल्यावर कामं वाटणाऱ्या बाईने तिच्या पांढऱ्या केसांकडे एकदा बघितलं आणि "आजी, तुम्ही आपल्या खुर्चीत बसून फॉर्म भरा," म्हणून तिला टेबलामागे बसवून टाकलं. आजी! तेहतीस वर्षं सरकारी इस्पितळाच्या ऑपरेशन थिएटरमध्ये उभं राहून काढलेल्या बाईला खुर्ची! तिने फॉर्म भरले. ही तपकिरी कुत्रीही तिनेच लिहून घेतली होती. शाळेची मिनीबस चालवणारी एक धिप्पाड, खड्या आवाजाची बाई तिला खांद्यावर टाकून घेऊन आली होती. "नाव काय?" "कंडक्टर." "कुत्रीचं विचारलं हो." "तेच सांगतेय. दारात बसते आणि चढणाऱ्या प्रत्येक पोराचा वास घेते. जुन्याला सोडते, नव्याची चौकशी करते. तीन वेळा व्याली, एकंदर सतरा पिल्लं. वाटता वाटता माझे शेजारी माझ्याशी बोलेनासे झालेत. आता पुरे."

नऊच्या सुमाराला आतली मदतनीस पोट धरून घरी गेली आणि डॉक्टर दारात येऊन ओरडला, "रक्त बघून चक्कर येत नाही असं आहे का कुणी?" तिने पेन खाली ठेवलं. नळाशी जाऊन हात धुतले, नखांखालून, बोटांच्या बेचक्यांतून, कोपरापर्यंत, आणि मग हात वर धरून पाणी कोपरांवरून गळू दिलं. डॉक्टर बघत होता. तिशीतला, डोळ्यांखाली काळं आलेला मुलगा. ते हात धुणं बघून त्याने पुढे काहीच विचारलं नाही. गॉजच्या पाकिटात दहा तुकडे असतात. पाकीट फोडलं की मोठ्याने दहा मोजायचे, कातडी शिवायच्या आधी पुन्हा दहा मोजायचे आणि भिंतीवरच्या फळ्यावर त्या जनावराच्या नंबरापुढे 'बरोबर' लिहायचं, हा कायदा तिने पहिल्या दहा मिनिटांतच लावून टाकला. भूल देणारी डॉक्टरीण गालात हसली. डॉक्टर म्हणाला, "काकू, मांजराचं पोट ते केवढं!" पण त्याने ऐकलं. दुपारपर्यंत फळ्यावर एकाखाली एक बावीस 'बरोबर' झाले होते आणि तिच्या अंगात ती जुनी, ओळखीची ऊब चढली होती. पाय दुखत होते तेही सवयीने, चांगले दुखत होते. कंडक्टर तेविसावी, दिवसाची शेवटची.

"पाकिटातच नऊ असतील," डॉक्टर म्हणाला. "मी दहा मोजले होते. तुम्ही ऐकलेत." "ऐकलं असेल. सकाळपासून दहाच ऐकतोय, काकू, डोक्यात तेच घुमतंय." मग त्यांनी शोधलं. तिने बादली चादरीवर उपडी केली आणि ओला कचरा हाताने चाळला. हिरवी फडकी झटकली. टेबलाखाली पाहिलं, कुत्रीच्या पाठीखाली हात घालून पाहिलं, डॉक्टरला एकेक पाय उचलायला लावून बुटांचे तळवे पाहिले. भूलवालीने आपल्या बाजूचं सगळं उचलून पाहिलं आणि नाडीवर परत बोट ठेवून म्हणाली, "मंद चाललीय. अजून वीस मिनिटं नेऊ शकते मी. त्यापुढे माझी हमी नाही." डॉक्टरने घड्याळ पाहिलं. त्याचा चेहरा वाईट नव्हता, नुसता दमलेला होता. "मला खात्री आहे, आत काही नाही," तो म्हणाला. "मी बघूनच बंद केलंय. तुमची मोजण्यात चूक झाली असेल. होते."

होते. तिच्याकडून चुका होऊ लागल्या होत्या हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? मागच्या महिन्यात न्हाणीघराचा नळ चालू ठेवून ती बाजारात गेली होती आणि परत आली तेव्हा नवरा गुडघ्यापर्यंत पायजमा वर करून दारात उभा. त्यानंतर मुलगी दर दोन दिवसांनी फोन करायची आणि बोलता बोलता, अगदी सहज म्हणून, विचारायची, आई, आज वार कोणता गं? ती मुद्दाम चुकीचा सांगायची आणि पलीकडे पडलेली शांतता ऐकून हसायची. पण फोन ठेवला की कॅलेंडरपाशी जाऊन खात्री करून घ्यायची. आता ते कॅलेंडर आठवलं. पाकीट फोडतानाचा क्षण तिने डोळ्यांपुढे आणून पाहिला. कागद फाडल्याचा आवाज, पांढऱ्या घड्या, तिचा स्वतःचा आवाज आठ, नऊ, दहा म्हणताना. तो आवाज ह्या पाकिटाचा की ह्याच्या आधीच्या? तेवीस पाकिटांचे आवाज एकमेकांवर बसले होते, आणि त्यांच्या तळाशी आणखी एक आवाज होता, तोही तिचाच, तरुण: सर, एक कमी आहे.

तेव्हा ती पस्तिशीची होती. मोठे सर शहरातले नावाजलेले सर्जन होते. त्यांच्या हाताखाली उभं राहायला मिळावं म्हणून नर्सेसमध्ये भांडणं व्हायची. टेबलावरची बाई सुतगिरणीत कामाला होती, चाळिशीच्या आतली, हाडं मोजून घ्यावीत इतकी बारीक. गर्भाशय काढायचं होतं. भूल चढायच्या आधी ती म्हणाली होती, "सिस्टर, माझे हात फार खरखरीत आहेत, तुम्हाला टोचतील," आणि तरी तिचा हात घट्ट धरला होता. शेवटी मोजलं तर एक कमी. ती म्हणाली, सर, एक कमी आहे. सरांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "मी मोजलेत. सही करा." घरी मुलगी तापाने फणफणलेली होती, नवरा कचेरीत, शेजारणीला तासाभराचं सांगून ती निघाली होती आणि तीन तास झाले होते. पण हे सगळं नंतर, स्वतःला सांगण्यासाठी जमवलेलं होतं. त्या क्षणी ती फक्त घाबरली होती. मोजणी बरोबर, असं छापलेल्या ओळीपुढे तिने सही केली. सहीला एक सेकंदही लागला नाही. आठव्या दिवशी ती बाई घरी गेली, टाके बघायला दोन आठवड्यांनी ये म्हणून सांगितलं होतं, आणि ती आलीच नाही. भावाकडे दुसऱ्या गावी गेली, एवढंच कळलं. त्यानंतर सहा महिने ही स्वतः दर मंगळवारी बाह्यरुग्ण विभागाच्या व्हरांड्यात चक्कर टाकत राहिली, बाकांवरच्या बायकांचे हात बघत. बाई मेली असेल. बाई खणखणीत जगली असेल, आज तिला नातवंडं असतील. तो तुकडा बादलीच्या तळाशीच असेल. कळायला मार्गच नव्हता, आणि हे न कळणं काही जुनं होत नव्हतं. पुढे ती मोजणीवाली सिस्टर म्हणून ओळखली जाऊ लागली. नव्या पोरी पाठीमागे म्हणत, सिस्टर घरीसुद्धा चमचे मोजून झोपतात. ते खरंच होतं. तिच्या कडकपणाचं कौतुक होऊन निवृत्तीच्या दिवशी तिला शाल मिळाली, सरांच्या जागी आलेल्या सरांनी भाषण केलं, आणि ती खाली मान घालून बसली होती. लोकांना वाटलं, गहिवरून आलंय.

"काकू," डॉक्टर म्हणाला, "वेळ जातोय. मी शिवतो." त्याने सुई उचलली.

तिला एकदम फार स्वच्छ दिसू लागलं, चष्म्याची काच पुसल्यासारखं. नळ विसरला असेल, वार विसरला असेल, उद्या नवऱ्याचं नावही विसरेल. पण पाकिटात नऊच असताना तिने दहा मोजले असतील तर ते तिच्या हाताला कळलं असतं. आणि समजा, तिचं चुकलं असेल. समजा, आत काही नसेल. तरी 'बहुतेक नाही' असं कुठल्या फळ्यावर लिहितात? "उघडा," ती म्हणाली.

"हे बघा, जबाबदारी माझी आहे."

"पोटाची तुमची. मोजणीची माझी. मी त्या फळ्यावर 'बरोबर' लिहिणार नाही. तुम्हाला लिहायचं असेल तर खडू तिथे आहे."

आवाज चढवला नव्हता तिने. भूलवाली नाडीवरचं बोट न हलवता दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली. बाहेरच्या हॉलमध्ये एक मांजर शुद्धीवर येताना भेसूर ओरडत होतं. डॉक्टरच्या कानशिलाजवळची शीर उडताना तिला दिसली. हा आता रागावेल, तिला बाहेर काढेल, आणि त्याचा तो हक्क आहे. मग ती ह्याच टेबलाशी उभी राहून सगळ्यांच्या देखत ओरडेल, हे तिचं ठरलेलं होतं. आयुष्यात एवढं पक्कं क्वचितच काही ठरलं असेल. पण त्याने सुई खाली ठेवली, कात्री घेतली, आणि नुकतेच घातलेले टाके एकेक करून कापले.

त्याने उजवी बाजू पाहिली. काही नव्हतं. आतड्यांची वेटोळी बाजूला सारून मधली जागा पाहिली. "पंधरा मिनिटं," भूलवाली म्हणाली. डॉक्टरने एकदा वर पाहिलं, त्या नजरेत, बघा, मी म्हणत नव्हतो का, असं काहीतरी होतं. ती नजर तिने तशीच झेलली. "डावीकडे," ती म्हणाली. "खोल." त्याने दोन बोटं डाव्या मूत्रपिंडापाशी नेली आणि त्याचा हात थांबला. मग चिमट्याने त्याने जे बाहेर काढलं ते मांसापासून वेगळं ओळखू येत नव्हतं, त्याच रंगाचं, तसंच मऊ, घडी दुमडून बेचक्यात बसलेलं. त्याने ते तिच्या ट्रेमध्ये, रिकाम्या जागेवर ठेवलं. तिने चिमट्याने ते उलगडलं, कोपरे सरळ केले. तिला वाटलं होतं, असं काही झालं तर आपल्याला हुंदका येईल. काहीच झालं नाही. त्या दुसऱ्या बाईच्या बाबतीत ह्याने काही ठरत नव्हतं, ते तिला त्याच क्षणी कळलं. ती बाई जिथे होती तिथेच होती, तशीच, न कळलेली. तिने सुईत दोरा ओवून डॉक्टरच्या हातात दिला आणि म्हणाली, "दहा. घ्या शिवायला. नीट शिवा, घाई नको."

कंडक्टरला शुद्ध यायला वेळ लागला. हॉलच्या कोपऱ्यात सतरंजीवर तिला कुशीवर निजवून, दोन्ही बाजूंना गरम पाण्याच्या बाटल्या टॉवेलात गुंडाळून लावून ती शेजारी मांडी घालून बसली. छातीची वरखाली बघत, मधूनच हिरडी दाबून रंग परत येतो का बघत. बाकीची जनावरं एकेक करून घरी गेली. साडेपाचच्या सुमाराला एक कान हलला, मग शेपटीचं टोक. डॉक्टर येऊन तिच्यासमोर उकिडवा बसला. टोपी काढल्यावर त्याचे केस घामाने डोक्याला चिकटलेले दिसत होते, फारच लहान वाटत होता. "कसं कळलं तुम्हाला?" त्याने विचारलं. "मोजलं," ती म्हणाली. तो कुत्रीच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. मग म्हणाला, "मालकीण बाहेर आलीय. हिला औषधं जास्तीची दिलीत, पाच दिवस रोज येऊन तपासतो असं सांगतो. बाकीचं... सांगायला हवं का? सगळं नीट झालंय आता. उगाच घाबरेल बाई."

सांगितलं नाही तर बाईला कधीच कळणार नाही. ती खुशीत कुत्री घेऊन जाईल, डॉक्टरला आशीर्वाद देईल. किती सोपं होतं ते, आणि किती जवळ! तिने गुडघ्यावर हात टेकून स्वतःला उभं केलं. "तुम्ही बसा हिच्यापाशी," ती म्हणाली. "मी सांगते तिला."

ड्रायव्हरबाई पायरीवर उभी होती, किल्ली बोटात फिरवत. "काय, झालं का आमच्या कंडक्टरचं? एवढा वेळ?"

"झालं. शुद्धीवर येतेय. पण आधी ऐका. तिचं पोट दोनदा उघडावं लागलं. पहिल्यांदा बंद केलं तेव्हा रक्त टिपायच्या गॉजचा एक तुकडा आत राहिला होता. मोजताना कमी पडला म्हणून पुन्हा उघडून काढला. भूल जास्त वेळ द्यावी लागली. पाच दिवस जपावं लागेल."

किल्ली फिरायची थांबली. "आत राहिला? म्हणजे विसरलात?"

"हो."

"पोटात?" बाईचा आवाज चढला आणि रस्त्यापलीकडचा एक माणूस वळून बघायला लागला. "अहो, मी रोज चाळीस पोरं नेते! सकाळी चाळीस मोजते, दुपारी चाळीस मोजते, आणि उतरायच्या आधी सीटखाली वाकून बघते! एक पोर बसमध्ये विसरले तर काय म्हणाल मला? सांगा ना! पाट्या लावता मोठमोठ्या, लोक विश्वासाने आणतात, मुकं जनावर, त्याला सांगता येतं का काय होतंय ते? लाज नाही वाटत?" मागे पावलं वाजली. डॉक्टर येऊन शेजारी उभा राहिला होता. भूलवालीला त्याने कुत्रीपाशी बसवलं असावं. "चूक माझी आहे," तो म्हणाला. "ह्यांनी मोजलं म्हणून सापडलं." "तुम्ही मध्ये बोलू नका!" ड्रायव्हरबाई कडाडली. "तुमच्याकडे येतेच मी नंतर!"

आणि ती परत सिस्टरकडे वळली. सिस्टर दोन्ही हात खाली सोडून उभी होती. मी नव्हते हो, मीच तर, असं एक वाक्य ओठांशी येऊन गेलं आणि तिने ते गिळून टाकलं. तिला ते बोलणं थांबायला नको होतं. एकेक शब्द अंगावर सपकन बसत होता आणि प्रत्येक शब्दागणिक आत कुठेतरी आखडून बसलेलं एक स्नायूसारखं काहीतरी सैल होत होतं. सव्वीस वर्षांत तिला कुणी बोललं नव्हतं. शाल दिली होती, भाषण केलं होतं. असं, तोंडावर, खड्या आवाजात, लाज नाही वाटत, असं कुणीही विचारलं नव्हतं, आणि आपण ह्याची वाट बघत होतो हे तिला ह्या पायरीवर, संध्याकाळच्या पिवळ्या उन्हात, एका अनोळखी बाईच्या समोर समजलं. तिचे डोळे भरून आले नाहीत. ती फक्त ऐकत राहिली, पुऱ्या लक्षाने.

बोलून बोलून ड्रायव्हरबाईला धाप लागली. तिने पदराने तोंड पुसलं, इकडेतिकडे पाहिलं. मग वेगळ्याच, खालच्या आवाजात विचारलं, "जगेल ना पण?"

"जगेल," सिस्टर म्हणाली. हे ती उगाच म्हणत नव्हती. हिरडीचा रंग तिने पाहिला होता.

"उचलायची कशी, दाखवा. सकाळसारखी खांद्यावर नाही चालायची ना?"

तिने दाखवलं. सतरंजीसकट, एकीने पुढून, एकीने मागून, पोटावर ताण न येता. मिनीबसची मागची सीट लहान मुलांची होती, बुटकी आणि अरुंद. कंडक्टरला तिथे ठेवलं तर पहिल्याच खड्ड्याला घरंगळली असती. ड्रायव्हरबाईने एकदा सीटकडे, एकदा सिस्टरकडे बघितलं. राग अजून पुरता गेला नव्हता. "तुम्ही बसता का तिच्यापाशी?" ती तुसडेपणाने म्हणाली. "घरी सोडेन मी तुम्हाला नंतर."

ती तशीच, अंगावरच्या डागाळलेल्या एप्रनासकट चढली आणि गुडघे छातीशी घेऊन त्या बुटक्या सीटवर बसली. कुत्रीचं डोकं मांडीवर घेतलं. बस निघाली, इतकी सावकाश की मागच्या गाड्या भोंगे वाजवायला लागल्या. ड्रायव्हरबाईने खिडकीतून हात बाहेर काढून त्यांना पुढे जायची खूण केली आणि वेग वाढवला नाही. कंडक्टरने डोळे अर्धवट उघडले, तिच्या बोटांचा वास घेतला, फार वेळ घेतला, आणि पुन्हा मिटले. रस्त्यावरचे दिवे अजून लागायचे होते. दुकानं, भिंती, सायकली, सगळं हळूहळू मागे सरकत होतं.

"बाई," ती म्हणाली, "तुम्हाला एक सांगायचंय. कुत्रीचं नाही. फार वर्षांपूर्वीचं आहे. कुणाला सांगितलेलं नाही, घरीसुद्धा."

समोरच्या आरशात ड्रायव्हरबाईचे डोळे क्षणभर दिसले. मग ते रस्त्यावर गेले. "घर यायला अर्धा तास आहे," ती म्हणाली. "बोला. मी ऐकतेय."

"सुतगिरणीत कामाला होती ती," सिस्टरने सुरुवात केली. "हात फार खरखरीत होते तिचे."